सालबर्डीचं ऊन पाणी

माझ्या तोंडून निघालेल्या गोष्टीवर अमरावतीच्या कापूस बाजारात कुणी पैज लावत नसे. ती खोटी निघणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं, मग पैजेत मजा काय? मी बोललो की लोक हसायचे, आणि हसणारा माणूस मला देवापेक्षा बरा वाटायचा, कारण देव माझ्या गोष्टींना कधी हसला नाही. म्हणून आज हे लिहायला बसताना हात कचरतो. जन्मभर ज्यानं तिखटमीठ लावून वाढलं, त्यानं शेवटी कोरडी भाकर ताटात टाकली तर ती कोण खाणार? पण ही भाकर मी थापलेली नाही. मला मिळाली, तशीच पुढे करतो. लिहायलाही मी उशिरा शिकलो, पाय अर्धे निकामी झाल्यावर, बसल्या बसल्या. अक्षरं वाकडी दिसली तर ती माझ्या गुडघ्यांवर गेली आहेत असं समजावं.

त्या वर्षांत वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे. तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्यांनी आमच्या काळ्या मातीकडे तोंड वळवलं. ज्वारीच्या वावरात कपाशी आली, परसात कपाशी आली. मी तर सांगत असे की चांदूर बाजारात एकाच्या दाढीत सरकी अडकली होती, ती उगवली, आणि गड्यानं दोन वेचण्या केल्या. गाडीच्या चाकांना कास्तकारांनी चांदीच्या धावा बसवल्या, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती मी उठवली. सोमवारी बाजारात सोडली, आणि गुरुवारी अकोल्याहून आलेल्या गाडीवानानं ती मलाच शपथेवर सांगितली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली म्हणाला. मी त्याला मोठ्या आश्चर्यानं विचारलं, बैलांच्या शिंगांनाही चांदी होती का? तो म्हणाला, होती.

माझं काम बोजे तुडवण्याचं. बोजा म्हणजे रुई दाबून भरलेलं भलं मोठं पोतं. रिकामं पोतं लाकडी चौकटीला टांगायचं, आत माणूस उतरवायचा, वरून रुई टाकत राहायची आणि आतल्या माणसानं ती पायांनी दाबत राहायची. तळाशी उतरलो की वर परातीएवढं आभाळ दिसायचं. रुई पायाखाली बसत जाई तसा मी वर येत जाई, आधी डोकं, मग छाती, मग कंबर, आणि शेवटी बोज्याच्या तोंडावर उभा राहून मी अशी आरोळी ठोकायचो की पलीकडच्या गल्लीतली म्हातारी माणसं कानावर हात ठेवत. माझ्या पायाखालच्या बोज्यावर कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडीची धार बोथट होते, असं मी सांगे. ते खोटं. पण माझ्यासारखे पाय त्या बाजारात दुसऱ्या कुणाला नव्हते, हे खरं. त्या पायांचा मला एवढा गर्व होता की रात्री मी त्यांना तेल लावताना त्यांच्याशी बोलत असे.

गर्वातच ती गोष्ट घडली. एकदा मुकादमासमोर मी फुशारकी मारली, की कोरडी रुई म्हणजे नुसता वारा, तो पायाखालून पळतो. चार ओंजळी पाणी मारा, मग बघा ती कशी मुकाट बसते. मुकादमानं पखालीवाला बोलावला. रुई मुकाट बसली आणि बोजा तराजूवर चढला तेव्हा काटा असा काही झुकला की मुकादमानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून आमच्या आवारात रुईवर पाणी पडू लागलं. आधी ओंजळ, मग मडकं, मग पखाल. शेजारच्या आवारांनीही ते उचललं. लोक त्याला माझं नाव देत, आणि मला, देवा माफ कर, त्याचं कौतुक वाटायचं. बोजा ओला तर गाडी जड, गाडी जड तर बैल आणि माणूस कुठं जातो, याचा विचार मी केला नाही. गाड्या फाटकातून बाहेर पडल्या की माझ्यासाठी संपल्या.

मग पौष आला. थंडी अशी, की मडक्यातलं पाणी दातांना चावे. मी दिवसभर कमरेपर्यंत ओल्या रुईत उभा. पहिल्यांदा गुडघे कुरकुरले, मग घोटे सुजले, मग एका सकाळी मी अंथरुणातून उठायला गेलो आणि पाय उठलेच नाहीत. मी त्यांना हाक मारली. विनोद म्हणून सांगत नाही, खरंच हाक मारली. ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे पडून राहिले, आणि कळ मात्र माझी होती. मुकादम दारात येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "उठ ना गा, नाटक्या. मागच्या खेपेले तुले वाघानं खाल्लं व्हतं, थे आठवते का?" वाघाची गोष्ट मीच सांगितली होती, कामावर दोन दिवस गेलो नव्हतो तेव्हा. त्याच्या मागं उभे असलेले हसले. मीही हसायला गेलो आणि तोंडातून वेगळाच आवाज निघाला. तरीही त्यांना ते सोंगच वाटलं. संध्याकाळपर्यंत माझ्या चौकटीत दुसरा गडी उतरला होता.

घरात फक्त गिरजेनं, माझ्या बायकोनं, विश्वास ठेवला. का ठेवला म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "तुमी गोठ सांगून नाई राहिले, म्हून मले भेव वाटते." गोठ म्हणजे आमच्याकडे गोष्ट. खरंच माझ्याजवळ गोष्ट उरली नव्हती. तिनं एरंडाची पानं बांधली, निर्गुडीचा शेक दिला, बिब्ब्याचे डाग दिले, उतारे ओवाळून टाकले. ती मला मोरीपर्यंत उचलून नेई. अंगानं ती माझ्या निम्मी. पाय धरून ओढत नेताना तिच्या बांगड्या वाजत, आणि तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी डोळे मिटत असे, जसं काही डोळे मिटले की कान बंद होतात. मला मरावंसं वाटे, पण मरायला विहिरीपर्यंत तरी चालत जावं लागतं.

सालबर्डीचं नाव काढलं ते कादरभाईनं. कादरभाई पिंजारी, अकोल्याचा, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या वस्तीतला, कापसाच्या हंगामात अमरावतीला येऊन राहणारा. माझ्या गोष्टींवर सगळ्यात मोठ्यानं हसणारा तोच. तो खाटेशी बसला आणि मोर्शीच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, जमिनीतून उकळतं पाणी निघतं असं सांगू लागला. "ना लाकूड, ना चूल. देव तुमचा असन, पाणी सगळ्याईचं हाय," तो म्हणाला. मी विचारलं, तिथं घेतात काय? तो म्हणाला, "काईच नाई, फुकट. म्हून तर आजकाल कोनी जात नाई." खरं होतं ते. त्या दिवसांत वऱ्हाडात बैलाच्या शेणाला आणि झाडाच्या सावलीलाही भाव आला होता. जे फुकट, त्यात काही गुण असेल हे कुणाच्या मनात येत नव्हतं. माझ्याही आलं नाही. देव ज्याला तराजूवर बसवत नाही असं पाणी माझं काय करणार? पण गिरजा तेवढ्यात बोचकं बांधू लागली होती.

हंगामात गाडी मिळणं म्हणजे वाघिणीचं दूध मिळणं. पण मोर्शीकडून कापूस घेऊन येणाऱ्या गाड्या रिकाम्या परततात, हे कादरभाईच्या ध्यानात आलं. दोन दिवस मी त्या रिकाम्या गाडीत हाडं मोजत पडून होतो. मोर्शीपुढं डोंगराची वाट लागली तेव्हा गाडीवानानं आम्हाला उतरवलं. मग कादरभाईनं रिकामं बोज्याचं पोतं काढलं, मला त्यात बसवलं, पोत्याचं तोंड बांबूला बांधलं. बांबूचं पुढचं टोक त्याच्या खांद्यावर, मागचं गिरजेच्या. "उमरभर बोजा भरला, आज खुद भरले गेले," असं तो म्हणाला आणि दर थोड्या वेळानं मागं वळून विचारी, बोजा कोरडा आहे ना? मी त्या पोत्यात हसत होतो आणि रडत होतो. गिरजा बघत नव्हती म्हणून रडत होतो. खांदा बदलायला ती थांबली तेव्हा तिच्या लुगड्यावर खांद्यापाशी रक्ताचा डाग दिसला.

सालबर्डी लहान गाव. नदी, पलीकडे डोंगर, डोंगरात महादेवाची गुहा. नदीकाठी दोन कुंडं, एक गार आणि एक ऊन, हातभर अंतरावर. सीतामाईला वनात सोडलं तेव्हा ती इथं राहिली, ही तिची न्हाणी, असं लोक सांगतात. ऊन कुंडावर वाफ होती आणि गंधकाचा वास. खाली उतरायला अकरा पायऱ्या, शेवाळलेल्या. आठ-दहा माणसं होती, कुणी लुळं, कुणी खरजेनं पिडलेलं, आणि एकही माणूस हातात तराजू घेऊन उभा नव्हता. तिथल्या गुरवानं आम्हाला एवढंच सांगितलं की इथं आलेल्यानं काहीतरी सोडून जायचं असतं. मी ताबडतोब कारलं सोडलं. लहानपणापासून मी कारल्याला शिवलेलो नव्हतो. गिरजेनं गूळ सोडला. गुळाच्या खड्यासाठी ती माहेरी दोन कोस चालत गेली असती. कादरभाई दोन दिवस थांबला, आम्हाला धर्मशाळेच्या ओसरीत जागा करून दिली आणि कामावर परतला.

आता माझी लाज. कुंडावर बसलेली माणसं एकमेकांची दुखणी विचारतात, त्यांना दुसरा उद्योग नसतो. मला विचारलं, पाय कशानं गेले? आणि इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे ऐकायच्या नजरेनं बघितलं. मी म्हणालो, नदीच्या उतारावर कापसाची गाडी उलटत होती, गाडीवान खाली सापडला होता, मी धावलो आणि खांदा दिला. आठ बोजे, दोन बैल, गाडी, सगळं या दोन पायांवर तोललं. माणूस बाहेर निघाला आणि पाय कायमचे बसले. मी सांगितलं ते इतकं चांगलं सांगितलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. गर्दीत पाठीमागं एक म्हातारी होती. ती गुडघ्यांवर सरकत पुढं आली, माझ्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग तिनं मागं उभ्या असलेल्या मुलाला सांगितलं, "तुळशीराम, उद्यापासून मले उतरवलं का यालेबी उतरवत जाय." त्या संध्याकाळी गिरजा भाकरी थापताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोकाईले हासवा. पन रडवू नोका."

तुळशीराम चांदूर बाजाराकडचा कास्तकार, दाराएवढा रुंद, बोलायला महाग. आईचे सांधे धरले होते म्हणून तिला घेऊन आला होता. रोज सकाळी तो आधी तिला पाठीवरून उतरवी, बायकांच्या बाजूला पाण्यात बसवी, मग वर येऊन माझ्यासमोर उकिडवा बसे. पहिल्या दिवशी मी त्याच्या गळ्याला असा आवळून धरला की तो तिसऱ्या पायरीवर थांबला. "आंग सोडा, दादा," तो म्हणाला. "ताठ राह्यलं का भार दुप्पट होते." मी प्रयत्न केला. जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तो रोज तेच वाक्य म्हणे आणि मी रोज त्याच्या पाठीवर लाकडासारखा.

दहा-बारा दिवस गेले. खरजेची माणसं बरी होऊन गेली, नवी आली. माझ्या पायांत काहीच नाही. ऊन पाण्यात कळ कमी व्हायची आणि बाहेर आलो की व्याजासकट परत यायची. मी महादेवाला विनवलं, मग धमकावलं, मग त्याच्याशी बोलणं टाकलं. सगळ्यात वाईट काय होतं सांगू? लोक माझ्या पाया पडायला येऊ लागले होते. गाडीवानाला वाचवणारा म्हणून. बाया आपली लेकरं आणून माझ्या मेलेल्या पायांवर त्यांची डोकी टेकवत. मी हात वर करून आशीर्वाद देई आणि आतून मला वाटे, जमिनीतून हे पाणी येतं तिथं एखादी फट असेल, त्यातून मी खाली गेलो तर बरं होईल.

एके सकाळी मला पाण्यात बसवून तुळशीराम वर गेला नाही. शेवटच्या पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, "तुमी कापसातले मानूस. मले एक सांगा. आठ बोज्याईनं गाडीचा कणा मोडते का?" त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. त्याचा धाकटा भाऊ किसन, अमरावतीहून अकोल्याला कापसाची गाडी घेऊन चालला होता, काटेपूर्णा नदीच्या उतारावर चाकांमधला कणा मोडला आणि बोजे अंगावर येऊन तो गेला. लोकांनी सांगितलं, गाडीवान प्यालेला होता. कोरड्या कापसाच्या आठ बोज्यांनी कधी कणा मोडतो का, बैल भलतीकडे हाकले असतील. गावातही तेच पसरलं. आईनंही तेच धरलं.

मला एवढंच म्हणायचं होतं, की मोडतो, बोजे ओले असले तर मोडतो. त्याऐवजी मी म्हणालो, "कणा किडका असन." तुळशीरामनं पाण्याकडे बघितलं. "बाभळीचा व्हता," तो म्हणाला. "म्याच तासला व्हता." मग उठता उठता, "मंग माह्यंच चुकलं." तो आईला घ्यायला गेला. मी गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसलो होतो आणि मला थंडी वाजत होती.

त्यानंतर तीन दिवस तुळशीराम जेवला नाही. दोन वेळा भाकरी समोर घ्यायचा आणि कुत्र्याला घालायचा. तरी सकाळी माझ्यासमोर उकिडवा बसायचं त्यानं चुकवलं नाही, आणि आंग सोडा असं म्हणायचंही. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत त्याची आई गिरजेजवळ बसून बोलत होती ते मी ऐकलं. किसनच्या नावानं तिनं अजून एकही घास बाजूला काढला नव्हता. "पिऊन मेला थो," ती म्हणाली. "दोन बैलाईच्या जिवावर उठला. अशाले काय जेवू घालू?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी झोपू शकलो असतो. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुमच्यासारखा एखादा त्या दिवशी तिथं पाह्यजे व्हता, बाप्पा."

दुसऱ्या दिवशी सोमवार. सगळे लोक पहाटेच गुहेकडे दर्शनाला गेले होते, गिरजा सरपणाला. म्हातारी त्या दिवशी पाण्यात उतरणार नव्हती, ओसरीतच बसली होती. कुंडावर तुळशीराम आणि मी. तोंडासमोर बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून पाठीवर असतानाच, सहाव्या पायरीवर, मी त्याच्या मानेमागं बोललो. "तुळशीराम, तुया कणा चांगला व्हता. किसन प्यालाबी नसन. बोजे ओले व्हते. आमी रुईवर पाणी मारतो, वजनासाठी. ती युक्ती माही हाय. ओल्या रुईत उभं राहूनच माहे पाय गेले."

तो थांबला. त्याच्या पाठीचे स्नायू माझ्या छातीखाली दगडासारखे झालेले मला कळले. खाली शेवाळलेल्या पाच पायऱ्या होत्या. तो नुसता बाजूला झाला असता तरी काम झालं असतं, आणि मला वाटलं, होऊ दे. तो म्हणाला, "आन थो गाडीवान? ज्याले तुमी वाचवलं?"

"कोनालेच वाचवलं नाई," मी म्हणालो.

उरलेल्या पाच पायऱ्या तो रोजच्यासारख्याच उतरला, पाऊल चाचपून. रोजच्यासारखंच मला पाण्यात बसवलं, डोकं दगडाला टेकेल असं. मग वर गेला आणि मागं वळून पाहिलं नाही. मी त्याच्या पावलांचा आवाज ऐकत राहिलो, तो नदीच्या आवाजात विरेपर्यंत.

त्यानंतर मी किती वेळ तिथं होतो, ते नक्की सांगता येत नाही. दुसरी गोष्ट असती तर तीन दिवस म्हणालो असतो. ऊन पायरीवर आलं, एकेक पायरी खाली उतरलं, पाण्यापर्यंत पोचलं. गळ्यात बाजार हलवणारा आवाज होता, पण हाक मारावीशी वाटली नाही. कुणाला मारणार होतो? ज्याच्या पाठीवर मी रोज उतरत होतो त्याच्याच भावावर मी रोज बोजे रचले होते. तो बोजा नेमका माझ्या पायाखालचा होता की शेजारच्या आवारातला, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. त्यानं काही फरक पडत नव्हता. मी कुंडाच्या तळाशी होतो आणि वर परातीएवढं आभाळ दिसत होतं, अगदी तसंच, जसं पोत्यातून दिसायचं. पण इथं पायाखाली रुई नव्हती, जिच्यावर उभं राहून वर यावं. मी महादेवाला म्हणालो, आता माझ्याजवळ सांगायला काही नाही. बरं कर असंही म्हणत नाही. ठेवायचं तिथं ठेव. आणि मग हात दगडावरून सुटले. मी सोडले असं म्हणणार नाही, सुटले. पाणी तोंडाशी आलं आणि तिथंच थांबलं. खालून येणारं ऊन पाणी पाठीला लागत होतं, कुणी तळहात लावावा तसं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं अंग लाकूड नव्हतं. मी रडलो असेन, पण पाण्यात ते कुणाला कळतं?

पायरीवर सावली पडली तेव्हा मी डोळे उघडले. तुळशीराम होता. डोळे लाल, धोतर काट्यांनी फाटलेलं, नदीपलीकडे कुठं कुठं फिरून आला होता देव जाणे. तो म्हणाला, "मायले सांगून आलो." एवढंच. मग पाण्यात उतरून त्यानं मला उचललं. या खेपेला तो आंग सोडा म्हणाला नाही. चौथ्या पायरीवर मात्र क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आज हलके झाले तुमी."

वर म्हातारी बसली होती. ती एवढ्या लांब कशी सरकत आली तिलाच माहीत. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "माहा किसन प्याला नव्हता?" मी म्हणालो, "नाई, माय. बोजे ओले व्हते." तिनं मला शिव्या दिल्या नाहीत आणि क्षमा केली असंही म्हणाली नाही. पदर तोंडाला लावला आणि मुलाचं नाव घेऊन रडली. तुळशीराम मला नंतर म्हणाला, की ती तसं पहिल्यांदाच रडली. दुपारी तिनं गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांवर, कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, किसनला आवडायची म्हणून, आणि पहिलं पान त्याच्या नावानं काढून नदीकाठी ठेवलं. दुसरं पान तिनं गिरजेच्या हाती दिलं. गिरजेनं ते माझ्यासमोर ठेवलं. मी पान परत तिच्याकडे सरकवलं. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "खावा. तुमच्यासाठीच हाय थे."

पायांचं सांगायचं तर, शिवरात्रीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला. गिरजेनं पाहिला, मला वाटलं माशी बसली. फाल्गुनात मी भिंतीला धरून उभा राहिलो, आणि घरी परतलो तो काठी टेकत, गिरजेच्या खांद्यावर भार देऊन. उन्हानं झालं, पाण्यानं झालं, की आणखी कशानं, याची चर्चा मी करत नाही. शहाणी माणसं सांगतील की गंधकाच्या पाण्याला तेवढा वेळ लागतोच. असेल. पण सकाळी त्या पायरीवर माझ्यासमोर उकिडवी बसलेली ती रुंद पाठ गंधकाची नव्हती.

मी पुन्हा पोत्यात उतरलो नाही. उतरताही आलं नसतं. पुढं अनेक वर्षं बाजाराच्या फाटकाशी बसून मी एकच काम केलं. गाडीवानांना सांगितलं की बोजा गाडीवर चढवण्याआधी त्याच्या शिवणीतून हात आत घालून बघत जा, आणि ओला लागला तर चढवू नका. मुकादमानं मला दोनदा हाकलून दिलं. लोक म्हणाले, याची ही नवी थाप. काहींनी हात घालून बघितलं.

थापा सोडल्या, असं सांगितलं तर तीच माझी सगळ्यात मोठी थाप होईल. दाढीतली कपाशी मी अजून उगवतो. फक्त उलटणारी गाडी खांद्यावर पेलणारा माणूस माझ्या कुठल्याही गोष्टीत पुन्हा आला नाही. गिरजेनं गूळ पुन्हा खाल्ला नाही, आणि मी ते बघितलं की कारल्याची भाजी मुकाट्यानं खातो. देवाला ती चालते की नाही ठाऊक नाही.

दर शिवरात्रीच्या सुमारास तुळशीराम आईला घेऊन सालबर्डीला येई, आम्ही दोघंही जात असू. काठीनं मला त्या पायऱ्या उतरता येत होत्या, तरी तो माझ्यासमोर बसे आणि मी त्याच्या पाठीवर चढे. मी डोकं त्याच्या खांद्यावर टेकवी, हात सैल सोडी आणि अकरा पायऱ्या मोजतही नसे. खाली ऊन पाणी असे, रात्रंदिवस येणारं, कुणी आलं काय आणि कुणी नाही आलं काय.